माशीवरची नजर
डोळा लक्ष्यावर खिळला म्हणजे नेम साधला, अशी नवख्याची समजूत असते. दहा मीटरच्या एअर पिस्तूल स्पर्धेसाठी ती प्रथम सोडावी लागते. दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटर व्यासाचे. पण दृष्टी ठेवावयाची ती नळीच्या टोकावरील माशीवर! लक्ष्य धूसर दिसले तरी चालते; माशी केसभर ढळली, तर छर्रा भलतीकडेच जातो. आधाराविना लांबविलेला एकच हात थोडा डुलणारच. तो क्षणभर थांबलासे वाटताच चाप झटकन ओढण्याचा मोह अनावर होतो, आणि तोच घात करतो. यास उपाय म्हणजे पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून कोऱ्या भिंतीसमोर चाप हळुवार दाबीत राहणे. काम कंटाळवाणे खरे. ते टाळून महागडे पिस्तूल आधी विकत घेणारेही पुष्कळ! स्पर्धेत मात्र पंचाहत्तर मिनिटांत हीच क्रिया साठ वेळा करावयाची असते.