कोशाचा धागा आणि माझे टाके

(माजरी येथे महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



ताईंनी मला विषय दिला, ‘विणकाम आणि निसर्ग’. ऐकून हसूच आलं. आपल्या माजरीत निसर्ग म्हणजे खाणीच्या मातीचे डोंगर, वाळत घातलेल्या लुगड्यावर काळी पूड आणि जंक्शनवरून वणीकडे वळणाऱ्या कोळशाच्या गाड्या. माझे वडील खाणीत होते. विणायला शिकवलं शेजारच्या क्वार्टरमधल्या बिहारी काकूंनी, दोन सुया आणि उसवलेल्या स्वेटरच्या लोकरीवर. पांढरी लोकर इथे कधी पांढरी राहिलीच नाही. तेव्हा पुढे नमुने स्वतः बसवायला लागले, तेव्हा मी पांढऱ्याचा नादच सोडला.

एकदा परदेशी विणकामाचं पुस्तक हाती लागलं. आयर्लंडच्या पश्चिमेला अरान नावाची बेटं आहेत, तिथल्या दोरखंडासारखी नक्षी असलेल्या स्वेटरांचं. तिथे प्रत्येक घराण्याची नक्षी वेगळी आणि बुडालेला कोळी त्या नक्षीवरून ओळखू येई, अशी गोष्ट सांगतात. ती खरी नाही. सिंज नावाच्या नाटककाराचं १९०४ साली रंगभूमीवर आलेलं एक नाटक आहे. त्यात बहीण बुडालेल्या भावाचा मोजा ओळखते, कारण किती टाके घातले आणि किती सुटले हे तिला पाठ असतं. घराण्याची कथा मागाहून चिकटली आणि दुकानदारांच्या कामाला आली. मला मात्र ती टाके मोजणारी बहीणच लक्षात राहिली.

वाटलं, आपल्या जिल्ह्याचा धागा कोणता? तर कोसा. मी वरोऱ्यावरून चिमूर, ब्रह्मपुरी आणि वैनगंगा ओलांडून आरमोरीकडे गेले. कार्तिक होता. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे वाढवतात, पाखरांपासून राखतात. हे काम मुख्यतः ढिवर समाजाचं. हातात गलोल घेऊन दिवसदिवस रानात बसायचं. किडे झाडावर असताना तिथे सोवळं पाळतात, पाळीतल्या बाईनं तिकडे फिरकायचं नाही, असं मला तिथल्याच बायांनी सांगितलं. म्हणजे रानात ती विटाळ. पण कोसे घरी आले की निवडणं, सोड्यात उकळणं, धागा काढणं, सगळं तिच्याच हातून. तेव्हा विटाळ कुठे जातो, हे मी एका आजीला विचारलं. ती म्हणाली, “पैसा आला का विटाळ जाते, माय.”

ती आजी चार-पाच कोशांचे तंतू एकत्र ओढून उघड्या मांडीवर तळव्यानं पीळ देत होती. एका बाजूची कातडी काळी, राठ झालेली. दुखत नाही का, म्हटलं. “पयले दुखे. आता चामडं झालं.” मांडीवरची ही कताई बंद करायची असं सरकारनं ठरवलं आहे. केंद्रीय रेशीम मंडळाचं ‘बुनियाद’ नावाचं यंत्र त्यासाठीच आहे आणि २०१९ साली दिल्लीत ते बायांना वाटलंही गेलं. मी गेले त्या घरात ते नव्हतं. आलं तर कोणाच्या नावावर येईल, हेही बघायला हवं.

मी घिच्चा आणला. पतंग कोसा फोडून बाहेर पडला की तंतू अखंड राहत नाही. त्या कोशांतून हातानं ओढलेलं हे जाड, गाठीचं सूत. रंग मधासारखा, कुठे सागाच्या वाळल्या पानासारखा. विणायला मात्र अवघड हं. लोकरीला ताण असतो, टसरला नाही. मनगटाची पट्टी दोन दिवसांत सैल पडते. तीन वेळा उसवलं. शेवटी लोकरीचा एक बारीक पदर सोबत घेतला, तेव्हा कुठे टाका धरून राहिला. पळसाच्या फुलांचा पिवळा तुरटीवर बसवला. आणि हिरडा व गंजलेलं लोखंड यांतून जो करडा-काळा आला, तो पाहून माझी आई म्हणाली, “हा तर आपल्या अंगणातला!” आपल्या विदर्भाच्या करवतकाठी साडीच्या काठाला करवतीचे दाते असतात. ते मी दोन सुयांवर उतरवले, मधाळ जमिनीवर कोळशाचे दाते.

ही शाल एका व्यापाऱ्यानं घेतली. ९०० रुपये दिले. वहीत तास लिहिलेले होते, ६२. हिशेब केला तर तासाला पंधरा रुपयेसुद्धा पडत नाहीत. दोन महिन्यांनी तोच नमुना त्यानं दुसऱ्या बायांकडून नगावर विणून घेतला. मी भांडायला गेले. तो म्हणाला, “डिझाइन तर जंगलाचं आहे, तुमचं काय त्यात?”

रागानं मी ही गोष्ट चार ठिकाणी सांगितली. एका बैठकीत एका मुलीनं विचारलं, “ताई, त्या ६२ तासांत आजीचे तास धरले का?” मी गप्प झाले. सूत मी दुकानातल्यासारखं तोलून घेतलं होतं. तिचे किती दिवस गेले, विचारलंच नव्हतं. व्यापारी माझ्याशी जसा वागला, तशीच मी तिच्याशी वागले होते, फक्त गोड बोलून.

परत गेले. तिला तासांचा हिशेब सांगता येईना, वजनावरच पैसे मिळतात. मग आम्ही दोघी दिवसभर बसलो. एक लडी झाली की मी रेघ मारायची. आता सूत घेताना मी दिवसाप्रमाणे देते. शाल महाग झाली. बाजारात लुधियानाचा स्वेटर स्वस्तात मिळतो, गिऱ्हाईक तेच बोलून दाखवतं. गेल्या हिवाळ्यात माझ्या चारच शाली गेल्या. नुसत्या त्यावर घर चालत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही, म्हणून मी अजून शाळांचे स्वेटरही विणते.

हा नमुना हातोहात फिरू द्या, ओढून बघा. मागच्या बाजूला कापडी चिठ्ठी शिवली आहे, तिच्यावर धागा काढणारीचे दिवस आणि विणणारीचे तास आहेत. आजीनं आपलं नाव घालायला नको म्हटलं, म्हणून नुसते दिवस. तुमच्यापैकी कोणी गोधडी शिवतं, कोणी टोपल्या विणतं. चहानंतर ज्यांना आपले तास मोजून बघायचे आहेत त्यांनी वही घेऊन या कोपऱ्यात बसा. सुया माझ्याकडे आहेत.