कायद्याबाहेरचा, पण मर्यादेतला नायक

(पालक मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



लुटारूच्या साहसकथा मुलांच्या हाती द्याव्यात का? मुलांच्या संस्कारांची काळजी वाहणाऱ्या घरात हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. उत्तरासाठी इंग्लंडच्या रॉबिन हूडचे उदाहरण घेऊ.

शेरवुडच्या अरण्यातील हा धनुर्धर ‘आउटलॉ’ होता. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये कायद्याचे संरक्षण ज्याच्याकडून काढून घेतले जाई, तो आउटलॉ. मुळात तो बालनायक नव्हे. जुन्या लोकगीतांतील रॉबिन अनेकदा क्रूर आहे. एका गीतात पैज हरलेले वनरक्षक पैसे नाकारतात, म्हणून पंधरा वर्षांचा रॉबिन त्या पंधराही जणांना ठार मारतो.

१८८३ साली अमेरिकन लेखक-चित्रकार हॉवर्ड पाइल यांनी या कथा मुलांसाठी नव्याने लिहिल्या, तेव्हा हा प्रसंग बदलला. तेथे मरणारा वनरक्षक एकच आहे आणि पहिला बाण त्यानेच सोडलेला आहे. तरीही आपल्या हातून मनुष्यहत्या घडली, या जाणिवेने रॉबिनचे मन काळवंडते. साहसाची गोडी राखून पाइल यांनी हिंसेची किंमतही मुलांना दाखवली.

मात्र मर्यादेचे बीज लोकगीतांतही होते. नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याला त्रास देऊ नका, असे रॉबिन सोबत्यांना बजावतो. मठाकडे जमीन गहाण पडलेल्या सरदाराला तो ४०० पौंड उसने देतो. अरुंद पुलावरच्या लाठीयुद्धात लिटल जॉन त्याला पाण्यात पाडतो. रॉबिन सूड घेत नाही, त्यालाच सहकारी करतो. अखेरीस एका मठाधिकारिणीच्या कपटाने तो मृत्युपंथाला लागतो. तिचा मठ जाळण्याची अनुज्ञा लिटल जॉन मागतो, पण स्त्रीला कधीही इजा न केलेला रॉबिन ती नाकारतो.

राज्याचा कायदा सुटला, तरी स्वतःला घालून घेतलेला नियम त्याने सोडला नाही. या कथांचे खरे बळ येथे आहे. ज्या पुस्तकात हा नियम नसेल, तेथे उरते ती केवळ लूट. मग नायक कितीही शूर असो.

म्हणून पालकहो, पुस्तक काढून घेऊ नका, मुलांसोबत वाचा. रॉबिनने काय केले, हे मुले आपणहून सांगतील. हाती धनुष्य असताना त्याने काय केले नाही, हे तुम्ही त्यांना विचारा.