घाटाचा चढ आणि सायकल

अजिंठ्याच्या डोंगररांगेंत, बुलढाण्याच्या पश्चिमेस, देऊळघाट हें गांव वसलेलें आहे. पैनगंगा उगम पावते ती या गांवापलीकडील डोंगरांत. सपाट शहरांत सायकल वापरणाऱ्या एखाद्या गृहस्थास या मुलुखांत सायकलीनें फिरावयास सांगितलें, तर पहिल्या खड्या चढावरच तो खालीं उतरेल आणि दोष आपल्या पायांना देईल. वास्तविक पुष्कळदां दोष पायांचा नसून चक्राच्या दांत्यांचा असतो.

साध्या काळ्या सायकलीचें पुढील चक्र बहुधा ४४ दांत्यांचें व मागील १८ दांत्यांचें असतें. पायडलाचा एक फेरा पुरा झाला कीं मागील चाक जवळजवळ अडीच वेळां फिरतें व सायकल सुमारें साडेपांच मीटर पुढें जाते. सपाट रस्त्यावर हें उत्तम. चढावर मात्र वेग ताशीं दहा किलोमीटरांवर आला, कीं मिनिटास अवघे तीस फेरे पडतात. प्रत्येक फेऱ्यास सारें अंग पायडलावर टाकावें लागतें आणि गुडघे कुरकुरूं लागतात. शर्यतीच्या सायकलीस पुढें ३४ व मागें ३२ दांत्यांची जोडी लावतां येते. मग एका फेऱ्यांत सव्वादोन मीटर अंतर काटलें जातें आणि त्याच वेगास मिनिटाला पंचाहत्तर फेरे होतात. श्रम तितकेच; पण ते लहान लहान हप्त्यांनीं फेडले जातात. हप्त्यांचें महत्त्व संसारी माणसास वेगळें सांगावयास नको.

सायकलीच्या वजनाविषयीं शोकीन मंडळींचा फार गैरसमज असतो. स्वाराचें वजन ६५ किलो व सायकलीचें २० किलो धरलें, तर तीनशें मीटर उंचीचा घाट अर्ध्या तासांत चढावयास केवळ वजन वर नेण्यासाठीं सुमारें १४० वॅट शक्ति सतत लागते. सायकल आठ किलोंची घेतली तर हाच आंकडा १२० वर येतो. हा लाभ लहान नव्हे. परंतु आठ किलोंवरून ६.८ किलोंवर, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकल संघानें शर्यतीसाठीं ठरविलेल्या किमान मर्यादेवर, येण्याकरितां जे पैसे मोजावे लागतात त्यांतून शेंकडा दोन टक्केहि बचत होत नाहीं. त्याच पैशांत चांगले टायर घ्यावे. खडबडीत डांबरी रस्त्यावर अगदीं अरुंद, दगडासारखा फुगविलेला टायर जलद धांवतो ही समजूत आतां मागें पडली आहे. २८ ते ३२ मिलिमीटर रुंदीचा, थोडी कमी हवा भरलेला टायर हादरे पोटांत घेतो आणि शक्ति वांचवितो.

आतां खाण्याकडे वळावें. शरीराच्या स्नायूंत व यकृतांत सांठलेली साखर चारशें-पांचशें ग्रॅमच असते. जोराच्या परिश्रमांत ती दोन तासांत ओसरूं लागते. मग डोळ्यांपुढें अंधारी येते आणि सोपा चढहि भिंतीसारखा भासतो. म्हणून भूक लागण्याची वाट न पाहतां तासास साठ ग्रॅम साखर पोटांत गेली पाहिजे. दोन-तीन केळीं किंवा सत्तर ग्रॅम गूळ एवढ्यावर हें भागतें. बाजारांतील चकचकीत पुड्यांपेक्षां गूळ कमी प्रतीचा नाहीं, कारण त्यांतील साखरेंतून ग्लुकोज व फ्रुक्टोज ही दोन्ही द्रव्यें मिळतात आणि आंतड्यांत तीं निरनिराळ्या वाटांनीं शोषलीं जातात. शेंगदाण्याचा लाडू घरीं परतल्यावर खावा. चढावर त्यांतील तेल पोटांत रेंगाळतें. वऱ्हाडच्या उन्हांत नुसतें पाणी पीत राहणेंहि धोक्याचें असतें. घामावाटें मीठ जातें, म्हणून पाण्यांत चिमूटभर मीठ हवें.

सरावाचें तत्त्व ऐकावयास सोपें, पाळावयास कठीण. बहुतेक दिवस बोलतां येईल इतक्याच वेगानें जावें, आठवड्यांतून एक-दोन दिवस जोर लावावा आणि विश्रांतीच्या दिवशीं खरोखर विश्रांति घ्यावी. उत्साही तरुण नेमका हा शेवटचा नियम मोडतो. ज्यांना लांब पल्ल्याची हौस आहे त्यांच्यासाठीं ब्रेव्हे नांवाच्या दौडी असतात: २०० किलोमीटरांस साडेतेरा तास, ६०० किलोमीटरांस चाळीस तास. तेथें क्रमांक नसतो, मुदत असते.

मुदत म्हणजे काय, तें नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांच्या उदाहरणावरून कळतें. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारें ४,९०० किलोमीटरांची जी शर्यत भरते, ती २०१७ सालीं त्यांनीं एकट्यानें पुरी केली. त्याच वर्षीं लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ कांहीं तास आधीं पोहोंचले व ती एकट्यानें पुरी करणारे पहिले भारतीय ठरले. समर्थांना ११ दिवस, २१ तास, ११ मिनिटें लागलीं. मुदत बारा दिवसांची होती. सरासरी काढली तर ताशीं सतरा किलोमीटर येते. हा वेग सपाटीवर कोणाहि धडधाकट माणसास साधेल! अवघड आहे तें न थांबणें. वाळवंटाचें ऊन, रॉकी पर्वताची थंडी आणि या सर्वांहून क्रूर अशी झोंप. समर्थांनीं रोज केवळ पंधरा मिनिटें अधिक निद्रा घेतली असती, तरी बारा दिवसांत तीन तास खर्चीं पडले असते आणि मुदत टळली असती.

पुढील वर्षीं, २०१८ सालीं, ते मॉस्कोहून निघाले आणि नऊ हजारांहून अधिक किलोमीटर सायकल हांकून सैबेरियापलीकडे व्लादिवोस्तोकला पोहोंचले. ती दौड पंधरा टप्प्यांची होती.