ला होत-गास्पेझी : विरळ लोकवस्ती आणि प्रादेशिक नियोजन



लोकसंख्यावाढीचे प्रश्न भारतीय विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहेत. लोकसंख्या घटत असलेल्या प्रदेशाचे प्रश्नही तितकेच बिकट असतात. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातील ला होत-गास्पेझी हा प्रदेश त्याचे बोलके उदाहरण आहे.

गास्पे द्वीपकल्पाच्या उत्तर भागात वसलेल्या या प्रदेशाचे क्षेत्रफळ सुमारे ५,००० चौरस किलोमीटर आहे. उत्तरेस सेंट लॉरेन्स नदीचे विशाल मुख, तर दक्षिणेस शिक-शॉक पर्वतरांगा आहेत. त्यातील जाक-कार्तिये शिखराची उंची १,२६८ मीटर आहे. अंतर्भाग डोंगराळ व वनाच्छादित असल्याने वस्ती प्रामुख्याने किनारपट्टीच्या अरुंद पट्ट्यात एकवटली आहे.

२०२१ च्या जनगणनेनुसार येथे सुमारे ११ हजार लोक राहतात. म्हणजे दर चौरस किलोमीटरला जेमतेम दोन. जवळजवळ सर्वांची मातृभाषा फ्रेंच आहे. निम्म्याहून अधिक लोक सेंट-आन-दे-मों या मुख्य शहरात राहतात. मासेमारी व वनोद्योग हे येथील पारंपरिक आधार. १९९३ मध्ये सेंट लॉरेन्सच्या आखातातील कॉड मासेमारीवर बंदी आली आणि यांपैकी एक आधार डळमळला. तरुणांचे स्थलांतर व वृद्धांचे वाढते प्रमाण हे आजचे मुख्य प्रश्न होत.

नियोजन वरून लादले गेल्यास काय होते, हेही या भूमीने अनुभवले आहे. १९६६ च्या पूर्व क्यूबेक विकास आराखड्यानंतर या विभागातील सुमारे दहा गावे 'अलाभकारी' ठरवून रिकामी करण्यात आली. सँ-ऑक्ताव्ह-द-लाव्हनीर हे त्यांपैकी एक. त्याच्या नावातील 'लाव्हनीर' या शब्दाचा अर्थ 'भविष्य'. १९७१ मध्ये ते गाव बंद झाले. या धोरणाविरुद्ध १९७० पासून धर्मगुरूंच्या नेतृत्वाखाली 'ऑपेरास्याँ दिन्यिते' म्हणजे 'प्रतिष्ठा मोहीम' उभी राहिली.

पुढे १९७९ च्या कायद्याने प्रादेशिक काउंटी नगरपालिकांची तरतूद झाली. त्यांच्या परिषदेत सदस्य नगरपालिकांचे महापौर बसतात. भूवापर आराखडा, कचरा व्यवस्थापन योजना आणि नगरपालिका नसलेल्या क्षेत्रांचा कारभार ही त्यांची प्रमुख कामे. भारतात ७४ व्या घटनादुरुस्तीने निर्माण झालेल्या जिल्हा नियोजन समितीतही किमान चार पंचमांश सदस्य स्थानिक लोकप्रतिनिधींतूनच निवडले जातात.

दोन्ही व्यवस्थांमागील सूत्र एकच आहे : ज्यांच्या गावाचे भवितव्य ठरणार, त्यांचा आवाज नियोजनाच्या बैठकीत असलाच पाहिजे.