नेमका किरण



आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे ऊसतोड्यांच्या टोळ्यांत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. वैद्यकावर आम्ही काय बोलावे, असे कोणी विचारील. पण मजुराचे शरीर हेच त्याचे भांडवल. त्या भांडवलाचा हिशेब मागणे हे संघटनेचेच काम आहे.

आपल्या बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची सरकारी पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. ‘कॅन्सर होईल’ या धाकाने पिशवी काढून घेतलेल्या भगिनी आम्हांलाही भेटल्या आहेत. धाक घालणे सोपे असते. पण खरोखरच कॅन्सर निघाला तर पुढे काय, ते आज सांगावयाचे आहे.

गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झालेल्या काही स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार द्यावे लागतात. पिशवी काढली की रिकाम्या जागेत आतडी उतरतात, आणि रोगावर सोडलेल्या किरणांची झळ त्यांनाही लागते. बाई वाचते; पण काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, जुलाब, रक्त, पोटदुखी मागे लागते. उसाच्या फडात आडोसा नाही, पाणी नाही. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. मग ती वाचली, एवढ्यावर समाधान कसे मानावे?

मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राने हाच प्रश्न कसोटीला लावला. २०११ ते २०१९ या काळात ३०० स्त्रिया, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा, दोन गटांत विभागल्या. एका गटाला रूढ त्रिमितीय किरणोपचार दिले. दुसऱ्या गटात किरणांची तीव्रता जागोजाग कमीजास्त केली, आणि उपचाराआधी प्रतिमा घेऊन नेम तपासला. तीन वर्षांअखेर आतड्यांचा मध्यम वा तीव्र त्रास पहिल्या गटात शेकडा ४२, तर दुसऱ्यात शेकडा २१ भरला. रोगाला आळा मात्र दोहोंत सारखाच बसला. २०२१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

महागडी यंत्रे गरिबाला कशाला, असे म्हणणारे भेटतील. आम्ही म्हणतो, जिला उद्या पुन्हा फडात वाकायचे आहे, तिलाच त्यांची गरज अधिक.

भगिनींनो, तपासणी झाल्यावाचून पिशवी काढू देऊ नका. आणि रोग निघालाच, तर डॉक्टरांना विचारा, ‘माझी आतडी कशी वाचवाल?’ हे उपकार मागणे नव्हे. हा आपला हक्क आहे.