मृतांची मोजणी आणि मृतांची नोंद

(घुग्घुस येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वजनकाटा म्हणजे काय, हे घुग्घुसच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. कोळसा खाणीतून वर आला की तो काट्यावर जातो आणि त्याचे वजन कागदावर चढते; मगच तो पुढे सरकतो. एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या डोंगरातून निघालेले लोहखनिज आलापल्ली-आष्टीच्या रस्त्याने या गावच्या कारखान्यात आले, तेही असेच टनाटनाने मोजले जाऊन. वाहतुकीच्या परवान्यावर वाहनाचा क्रमांक, निघण्याची वेळ, मालाचे वजन, सारे काही लिहिलेले. कारण त्यावर शासनाला स्वामित्वधन मिळावयाचे असते. ज्या वस्तूला बाजारात किंमत आहे तिची नोंद भारतीय प्रशासन उत्तम ठेवू शकते. नोंद ठेवण्याची क्षमताच प्रशासनात नाही, ही सबब त्यामुळे पहिल्या पावलालाच बाद होते.

त्याच एटापल्ली तालुक्यात गट्टेपल्ली नावाचे एक माडिया गाव आहे. २२ एप्रिल २०१८ रोजी बोरिया-कसनासूरच्या जंगलात, इंद्रावतीच्या काठी, गडचिरोली पोलिसांच्या सी-६० पथकाने नक्षलवाद्यांच्या एका मोठ्या गटावर गोळीबार केला. त्या दिवशी १६ मृतदेह मिळाल्याचे जाहीर झाले. दुसऱ्या दिवशी अहेरी तालुक्यातील राजाराम खांदलाच्या जंगलात आणखी ६ जण मारले गेले. त्यानंतर इंद्रावतीच्या पात्रातून मृतदेह वर येऊ लागले. एका दिवसात १५ निघाले, पुढेही काही मिळाले आणि एकूण संख्या ४० वर गेली. नदीतून निघालेले देह उन्हाळ्याच्या पाण्यात दोन-दोन दिवस राहिलेले होते. चेहऱ्यावरून माणूस ओळखावा, अशी त्यांची स्थिती नव्हती.

याच सुमारास गट्टेपल्लीतील काही कुटुंबे पोलिसांकडे गेली. गावातील आठ तरुण-तरुणी कसनासूरला एका लग्नासाठी म्हणून गेली होती, ती परत आली नव्हती. त्यांत अल्पवयीन मुलीही आहेत, असे घरच्यांनी सांगितले. पोलिसांचे म्हणणे असे की, ही मुले नुकतीच नक्षलवादी दलात भरती झाली होती. देशातील नागरी हक्क संघटनांचे एक संयुक्त पथक मे महिन्यात तेथे जाऊन आले आणि त्याने चकमकीच्या अधिकृत कथनावरच प्रश्नचिन्ह लावले. पोलिसांनी ते आक्षेप फेटाळले. या वादात कोण खरे, याचा निर्णय व्यासपीठावरून देता येत नाही, देऊही नये. परंतु वादाचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. मृतदेह हाती आल्यानंतर आधी ‘हे नक्षलवादी’ असा शिक्का बसला आणि ‘हे कोण’ हा प्रश्न मागाहून आला. कोणत्याही प्रामाणिक तपासात क्रम याच्या नेमका उलट असतो.

मोजणी आणि नोंद या दोन भिन्न क्रिया आहेत. मोजणीत देहाला अंक मिळतो, नोंदीत नाव, गाव, आईबाप, मृत्यूचे कारण आणि मृत्यूचे स्थळ. मोजणी मारणाऱ्याच्या उपयोगाची असते. चाळीस हा आकडा यशाचे माप म्हणून एकदा वापरला गेला की त्यातील प्रत्येक एककाची ओळख यंत्रणेच्या दृष्टीने अनावश्यक, क्वचित अडचणीची होते. उत्पादनाच्या उद्दिष्टांचे अर्थशास्त्र ज्यांनी वाचले आहे त्यांना हे नवे नाही: टनांत उद्दिष्ट दिले की कारखाना जड खिळे बनवतो. सर्वोच्च न्यायालयाला याची जाणीव होती. मुंबईत १९९५ ते १९९७ या काळात झालेल्या ९९ चकमकी आणि त्यांत मेलेली सुमारे १३५ माणसे यांविषयी लोकस्वातंत्र्य संघटनेने, म्हणजे पीयूसीएलने, महाराष्ट्र शासनाविरुद्ध केलेल्या प्रकरणात २३ सप्टेंबर २०१४ रोजी न्यायालयाने १६ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. चकमकीनंतर लगेच बढती वा शौर्यपुरस्कार देऊ नये, हे त्यांतलेच एक.

ही तत्त्वे कार्यकर्त्यांनी तोंडपाठ करावीत अशी आहेत, कारण ती भाषणाची नसून कामाची आहेत. प्रत्येक चकमकीचा गुन्हा नोंदवला पाहिजे. तपास चकमक करणाऱ्या पथकाने नव्हे तर गुन्हे अन्वेषण विभागाने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पोलिसांनी वरिष्ठ अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली केला पाहिजे. मृताची ओळख पटावी म्हणून रंगीत छायाचित्रे घेतली पाहिजेत. रक्ताने माखलेली माती, केस, धागे जपून ठेवले पाहिजेत. बोटांचे ठसे घेतले पाहिजेत. शवविच्छेदन जिल्हा रुग्णालयातील दोन डॉक्टरांनी करावे आणि त्याचे चित्रीकरण व्हावे. दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हावी. मृताच्या जवळच्या नातेवाइकाला शक्य तितक्या लवकर कळवावे. यांतील शेवटचे तत्त्व पाळायचे तर मृत कोण हे आधी ठाऊक असावे लागते; म्हणजे ओळख पटवणे हे सौजन्य नसून कायदेशीर कर्तव्याची पहिली पायरी आहे.

यावर एक युक्तिवाद हमखास येतो: ते युद्ध आहे, युद्धात असे चालायचेच. हा युक्तिवाद करणाऱ्यांना त्याची किंमत ठाऊक नसते. युद्ध म्हणायचे तर १९४९ च्या जिनिव्हा करारांची बंधने येतात. मृतांचा शोध घ्यावा, त्यांची ओळख नोंदवावी, शक्यतो एकेकाचे स्वतंत्र दफन करावे, थडग्यांवर खुणा कराव्यात, हे त्या करारांनी परक्या शत्रूच्या सैनिकाबाबतही सांगितले आहे. भारताने त्यासाठी १९६० मध्ये कायदाही केला. परंतु मध्य भारतातील संघर्ष हे युद्ध आहे, असे भारत सरकारने कायद्याच्या भाषेत कधीच मान्य केलेले नाही. तो कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न आहे, अशीच त्याची भूमिका राहिली. ठीक आहे. मग प्रत्येक मृत्यूला देशाचा साधा फौजदारी कायदा लागू होतो, आणि तो तर युद्धाच्या कायद्याहून कडक आहे. सभेत युद्ध आणि कागदावर सुव्यवस्था, अशी सोयीस्कर विभागणी करून दोन्ही बंधनांतून सुटता येणार नाही.

बेवारस ठरवलेल्या मृतांचा माग काढता येतो काय? पंजाबचे उदाहरण या दृष्टीने विलक्षण आहे. अमृतसर जिल्ह्यात एका बँकेत काम करणारे जसवंतसिंग खालडा यांनी १९९० च्या दशकात बेपत्ता तरुणांचा शोध घेताना पोलिसांच्या दप्तराऐवजी स्मशानाचे दप्तर उघडले. बेवारस म्हणून पोलिसांनी आणलेल्या देहांच्या दहनासाठी लाकूड लागे, लाकडाचे पैसे द्यावे लागत आणि पैसे दिले की पावती होई. गुप्ततेची सर्व काळजी घेणारी यंत्रणा जळाऊ लाकडाचा हिशेब लपवायला विसरली होती. खालडा यांचे ६ सप्टेंबर १९९५ रोजी त्यांच्या घरातून अपहरण झाले आणि त्यांचा खून झाला. त्याबद्दल २००५ मध्ये पोलीस दोषी ठरले. पण त्यांनी उघडलेली वही बंद झाली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने केलेल्या चौकशीत अमृतसर, तरनतारन व पट्टी या तीन स्मशानांत मिळून २,०९७ देहांचे असे दहन झाल्याचे निष्पन्न झाले. त्यांपैकी ५८५ जणांची ओळख पूर्णपणे व २७४ जणांची अंशतः पटली. १,२३८ जणांची पटली नाही. काश्मीरमध्येही राज्य मानवी हक्क आयोगाच्या चौकशीत २०११ साली उत्तरेकडील जिल्ह्यांतील ३८ ठिकाणी २,१५६ अनोळखी मृतदेह पुरलेले असल्याचे नमूद झाले.

दहन झालेल्याची राख काही सांगत नाही. पुरलेला देह मात्र दीर्घकाळ साक्ष देतो, जर खणणाऱ्याला खणणे येत असेल तर. पंजाबमधल्याच अजनाल्याच्या विहिरीचे उदाहरण उत्साही कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे. १८५७ साली लाहोरजवळच्या छावणीतून निसटलेल्या २६ व्या पलटणीच्या शिपायांना तेथे मारण्यात आले आणि २८२ जणांना एका कोरड्या विहिरीत टाकल्याचे सांगितले गेले. हे कृत्य करणाऱ्या कूपर या इंग्रज अधिकाऱ्याने ते स्वतःच पुस्तकात अभिमानाने लिहून ठेवले होते. २०१४ मध्ये स्थानिक लोकांनी विहीर उपसली. हेतू उदात्त होता, पण शास्त्रज्ञ सोबत नव्हते. हाडे एकमेकांत मिसळली, तुटली, कोणते हाड कोणत्या थरातून आले हे सांगणारा कागद राहिला नाही. पुढे मानववंशशास्त्रज्ञांनी दातांचा आणि डीएनएचा अभ्यास करून २०२२ मध्ये एवढे दाखवले की, ही माणसे गंगेच्या खोऱ्यातील होती. प्रदेश कळला, नाव एकाचेही कळले नाही. एकशे साठ वर्षांचा विलंब आणि कुदळीची घाई, दोहोंनी मिळून ते हिरावले.

याउलट अर्जेंटिनात लष्करी राजवट गेल्यावर १९८४ मध्ये क्लाइड स्नो या अमेरिकन न्यायवैद्यक तज्ज्ञाने काही तरुण विद्यार्थ्यांना हाताशी धरून पुरातत्त्वाच्या पद्धतीने थडगी उघडली. ब्रश, करवती-चाळणी, मोजपट्टी, रेखाटन, छायाचित्र. हाडावरील जुना मोडलेला सांधा आणि आईने सांगितलेली लहानपणीची आठवण यांची जुळवणी. आईबापांच्या मुलाखती हा त्या शास्त्राचा निम्मा भाग होता. त्या विद्यार्थ्यांतून उभा राहिलेला गट पुढे अनेक देशांत गेला. अशा मृत्यूंच्या तपासाची जी पद्धत संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये मिनेसोटा संहितेच्या रूपाने स्वीकारली आणि २०१६ मध्ये सुधारली, तिच्यामागे या अनुभवाचा वाटा आहे.

ओळख न पटल्याने घरी काय होते, याचा विचार शहरातील चर्चेत फारसा होत नाही. मृत्यूचा दाखला मिळत नाही. एका वर्षानंतर नोंद करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दाखला नाही म्हणून सातबाऱ्यावरचा फेरफार अडतो. वनहक्क कायद्याखाली मिळालेल्या पट्ट्यावर मृताचे नाव तसेच राहते. विधवेला निराधार योजनेचे अनुदान मागताना ती विधवा असल्याचे सिद्ध करावे लागते, आणि ते सिद्ध करायला नवरा मेल्याचा कागद नसतो. सात वर्षे ज्याची वार्ता नाही तो मृत समजावा, अशी तरतूद पुराव्याच्या कायद्यात आहे. एप्रिल २०१८ पासूनची सात वर्षे एप्रिल २०२५ मध्ये पूर्ण झाली. पण त्या तरतुदीचा लाभ घ्यायला न्यायालय लागते, वकील लागतो, आणि माडिया बोलणाऱ्याला मराठी अर्ज लिहून देणारा कोणीतरी लागतो. शिवाय कायद्याने मानलेल्या या मृत्यूला कारण नसते. तो कोणी घडवला, हा प्रश्नच त्यातून गळून पडतो.

येथेही वर्गभेद आहेच. १३ नोव्हेंबर २०२१ रोजी मर्दिनटोल्याच्या जंगलात २६ मृतदेह मिळाले. त्यांत मिलिंद तेलतुंबडे होते. वर्धा नदीपलीकडच्या राजूरचे, एके काळी याच भागातील कोळसाखाणीत नोकरी केलेले. त्यांचे नाव दुसऱ्या दिवशी देशभरच्या वृत्तपत्रांत होते. शिकलेल्या, नाव असलेल्या, छायाचित्र असलेल्या माणसाची ओळख लवकर पटते. ज्याचे एकमेव छायाचित्र आधार कार्डावर आहे, किंवा तेही नाही, त्याला मेल्यावर क्रमांकावर समाधान मानावे लागते.

दुसरी बाजू न सांगणे हा अप्रामाणिकपणा होईल. नक्षलवाद्यांनी मारलेल्यांची यादीही लहान नाही. जानेवारी २०१९ मध्ये कसनासूरच्याच तिघा आदिवासींना त्यांनी ठार केले. २०१८ च्या चकमकीची खबर पोलिसांना दिली, हा आरोप. ना चौकशी, ना बचाव. त्याच वर्षी १ मे रोजी जांभुळखेड्याच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले. पोलिसांची नावे स्मारकावर आहेत, ती असलीच पाहिजेत. ती मुलेही बहुतेक याच जिल्ह्यांतल्या शेतकरी-आदिवासी घरांतली. खबऱ्या ठरवून मारलेल्यांच्या नावांची पाटी मात्र शासनाच्या व चळवळीच्या, कोणाच्याच दारात दिसत नाही. मृतांची नोंद करायची तर तिन्ही रकाने एकाच वहीत असावे लागतील. केवळ आपल्या बाजूचे मृत मोजणारी वही हा प्रचार होय.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या वरिष्ठ नेत्याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. संघर्ष ओसरत असेल तर त्याचे स्वागतच आहे. पण कोणतेही युद्ध ओसरू लागले की फायली बंद करण्याची घाई सुरू होते. नवे रस्ते, नव्या खाणी, नवे कारखाने यांच्या गडबडीत जुन्या पंचनाम्यांची कपाटे हलवली जातात. म्हणून काम आताचे आहे, आणि ते अवाढव्य नाही. गावोगाव बेपत्ता माणसांची यादी करावी: नाव, वय, घर सोडल्याची तारीख, अंगावरची खूण, मोडलेले हाड, पडलेला दात. प्रत्येक चकमकीची दंडाधिकारी चौकशी झाली काय आणि तिचा अहवाल कोठे आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. बेवारस देहांचे दफन कोठे झाले, हे नगरपंचायत, नगरपरिषद व रुग्णालय यांच्या दप्तरांत पाहावे. खड्डा खणण्याची मजुरी कोणाला तरी दिलेली असतेच. कुदळ मात्र कोणी हाती घेऊ नये. ते काम न्यायालयाच्या आदेशाने आणि तज्ज्ञांच्या हातून व्हावे.

आणि सर्वांत आधी, हरवलेल्यांच्या आईबापांच्या रक्ताचे नमुने घेऊन ते न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जतन करावेत, ही मागणी जिल्हा प्रशासनाकडे लेखी करावी. हाडे जमिनीत थांबू शकतात. एटापल्ली-भामरागडमधले साठी-सत्तरीचे आईबाप तेवढे थांबू शकत नाहीत.