गावात धंदा उभा करताना



डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसांचा भार आहे, तो उद्योगांनी उचलला पाहिजे, असे त्यांनी त्यात मांडले. ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्या आपल्या मुलांना हा विचार आजही लागू पडतो.

आम्ही बँकेत काम करतो. कर्जाला येणारे बरेच तरुण किराणा दुकानाचे नाव घेतात. परंतु विदर्भातील कोरडवाहू गावात पैसा बारमाही नसतो. सोयाबीन दसरा-दिवाळीला निघते, मागून कापूस, मग तूर. पावसाळ्यात बियाणे, खत, वह्या-पुस्तके यांत खिसा रिकामा होतो आणि दुकानात उधारी चढते. समजा, भांडवल ५०,००० रुपये आहे. ४० घरांकडे ५०० रुपयांप्रमाणे थकले, की २०,००० अडकले. माल भरता येत नाही. हप्ता मात्र थांबत नाही.

दुसरी गोष्टही स्पष्ट बोलली पाहिजे. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, तरी काही गावांत आपल्या हातचा चहा घ्यायला लोक आजही कचरतात. त्याविरुद्ध लढायचेच आहे. पण घराची चूल आणि बँकेचा हप्ता त्या लढाईच्या निकालावर टांगून ठेवू नये.

म्हणून आमचे सांगणे, आधी हातात कसब घ्या. आयटीआयमध्ये शिकलेला मुलगा पावसाळ्यात फवारणी पंप दुरुस्त करील आणि हिवाळ्यात गहू-हरभऱ्याच्या ओलितावर जळालेल्या मोटारी भरून देईल. पीक वाळू लागले, की शेतकरी स्वतः कारागिराचे दार शोधत येतो.

२०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते. त्याला तारण लागत नाही. मात्र ते फेडायचे असते. रोजचा जमाखर्च लिहा. धंद्याचा पैसा लग्नकार्यात घालू नका. उधारी द्यावीच लागेल, पण किती द्यायची हे आधी ठरवा. आणि कोणत्या महिन्यांत हप्ता जड जाईल, हे अर्ज करतानाच साहेबांना सांगा.

शिकून नोकरी मिळाली तर आनंदच आहे. न मिळाली तर वाट पाहण्यात उमेदीची वर्षे घालवू नका. आपल्या वस्तीतला एक मुलगा पायावर उभा राहिला, की त्याच्या हाताखाली दुसरा शिकतो. सोसायटीने अशा मुलांना अर्ज भरायला आणि हिशेब लिहायला मदत करावी, एवढी विनंती करून आम्ही थांबतो.

जयभीम!